ठिपका आर्वी नाक्यावर आहे

माझा स्कोअर ९२ आहे. शंभरपैकी. कशाचा, हे तुम्ही विचारलेलं नाही. पण पिपरी मेघेत आजवर ज्याला ज्याला सांगितला त्यांच्यापैकीही कोणी विचारलं नव्हतं, म्हणून काही मी थांबलो नव्हतो. हा माझ्या स्कूटर चालवण्याचा स्कोअर आहे. ब्रेक किती हळुवार दाबतो, रेस किती संयमाने देतो, वळणावर किती सभ्यपणे झुकतो, हे सगळं गाडी मोजते, ॲपला कळवते आणि रात्री ॲप मला कळवतं. आपल्याकडे माणसाला सज्जनपणाचं सर्टिफिकेट सहसा शोकसभेत मिळतं. मला ते रोज जेवणाआधी मिळतं, तेही हिरव्या अक्षरांत. शाळेत गणित आणि इंग्रजी मिळून ज्याचे ९२ झाले नव्हते, त्याने हे कोणाला सांगायचं नाही तर काय फ्रिजमध्ये ठेवायचं?

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मागून बंडीवाला ओरडून राह्यला तरी तुम्ही वीसच्या वर जात नाही. पडतीलच नं मार्क."

स्कूटर विजेची आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मी आत्ता कुठे बसून लिहितोय हे तिला ठाऊक आहे. गाडीच्या पोटात एक सिमकार्ड आहे. ते गाडीचा ठावठिकाणा, बॅटरी, वेग असं सगळं कंपनीला पाठवतं आणि कंपनी त्यातलं तिला योग्य वाटेल तेवढं मला दाखवते. २०१८ साली टीव्हीएसची एनटॉर्क ब्लूटूथ घेऊन आली, त्याच वर्षी बंगळुरूच्या एथरने हँडलवर टचस्क्रीन बसवला, आणि तेव्हापासून ज्या स्कूटरला फोन जोडता येत नाही ती चालवणाऱ्याकडे लोक जरा दयेनेच पाहतात. मला दया सोसत नाही.

ॲपमध्ये 'माझी गाडी शोधा' असं एक बटण आहे. ही सोय गाडी हरवते त्यांच्यासाठी आहे. मी ती गाडी समोर दिसत असताना वापरतो. बजाज चौकात भाजी घेऊन आलो की आधी आजूबाजूला चार माणसं उभी आहेत याची खात्री करायची, मग फोनवर बोट टेकवायचं. गाडी दिवे मिचकावते, पीं पीं करते. चार माणसं वळून पाहतात. मी पाहिलं न पाहिल्यासारखं करून पिशवी लावतो. परवा एक आजीबाई दचकून बाजूला झाल्या आणि गाडीला म्हणाल्या, "जाय बाप्पा, जाय. रस्ता मोकळा हाय."

ॲपला माझी काळजीही फार. मे महिन्यात, भर दुपारी, वर्ध्यात पारा ४५ च्या पुढे असताना, कूलरसमोर बनियनवर पडलो होतो तेव्हा फोन वाजला : बाहेर छान ऊन आहे, एक राइड होऊन जाऊ द्या! हे लिहिणारा पोरगा बंगळुरूत खिडकीशी बसला असणार, आणि त्या खिडकीबाहेर गुलमोहर असणार.

आठवड्याच्या शेवटी एकूण किलोमीटरही येतात. तेही मी लोकांना वाचून दाखवत असे, पण ते बंद केलं. पवनारकडचे एक वयस्क सर्वोदयी गृहस्थ ओळखीचे आहेत. त्यांना आकडा ऐकवला, तर त्यांनी फक्त "हं" केलं. मग माझ्या लक्षात आलं, आपण कोणत्या जिल्ह्यात किलोमीटरची फुशारकी मारतोय! १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा इथून निघाले ते पायीच, हैदराबादजवळ शिवरामपल्लीला, सर्वोदय संमेलनासाठी. एप्रिलमध्ये तेलंगणात पोचमपल्लीला पहिलं भूदान मिळालं आणि पुढे तेरा वर्षं तो माणूस देशभर चालतच राहिला. त्यांना कोणी रात्री हिरव्या अक्षरांत शाबासकी दिली नाही. त्यांच्या पवनारवरून जाताना मी बॅटरी ३८ टक्क्यांवर आली म्हणून घाबरून परत फिरतो.

तर, हे सगळं सुखाने चाललं होतं. बिघडलं ते 'कुटुंबासोबत शेअर करा' या ओळीपाशी. माझा स्कोअर पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीला आपोआप दिसावा, एवढाच माझा शुद्ध हेतू होता. पण स्कोअरसोबत ठिपकाही जातो. नकाशावर एक हिरवा ठिपका असतो. तो म्हणजे गाडी, आणि गाडी म्हणजे मी. डॉक्टरांनी तर्री बंद केली आहे, हे तिला ठाऊक होतं. आर्वी नाक्याकडच्या ठेल्यावर ती बंद झालेली नाही, हे तिला ठिपक्याने सांगितलं.

"बाबा, नाक्यावर इतका वेळ काय करून राह्यले?"

"पेट्रोल भरतो आहे," मी म्हणालो.

विजेच्या गाडीत. पलीकडे बराच वेळ शांतता होती. माझ्या समोर प्लेट होती. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री, वर कांदा, आणि सगळं गार होऊन राह्यलं होतं.

चुगलखोर गाडी आमच्या घरात ही काही पहिली नाही. बाबांची चेतक होती. आता वर्ध्याचा माणूस चेतकवर बोलायला लागला की ऐकणाऱ्याने खुर्ची ओढून घ्यावी, कारण हा विषय आम्ही घरचा समजतो. जमनालाल बजाज वर्ध्याचे. गांधीजींना आग्रहाने वर्ध्याला आणणारे ते, लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली दलितांना खुलं करणारे ते, आणि बजाज उद्योगाचा १९२६ पासूनचा वेलविस्तारही त्यांचाच. कारखाना मात्र आकुर्डीला निघाला, तेव्हा स्कूटर त्यांची, नाव आमचं आणि पगार पुण्याचा, अशी वाटणी झाली. १९७२ मध्ये चेतक आली, राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन. ती विकत मिळत नसे, तिचा नंबर लागत असे, आणि लागायला वर्षंच्या वर्षं जात. आमच्या नात्यात एका मुलाचं लग्न 'नंबर लावलेला आहे' एवढ्या भांडवलावर जमलं होतं. नंबर लागला तेव्हा त्याची मुलगी शाळेत जात होती.

बाबांची चेतक सकाळी नुसत्या किकने सुरू होत नसे. आधी चोक ओढायचा, मग ती अंगावर कलती करायची, थोडा वेळ तशीच धरायची, सरळ करायची, आणि मग किक. हे ज्याने पाहिलेलं नाही त्याला वाटावं, बाबा तिला काहीतरी समजावून सांगताहेत. डिकीत पॉलिश पेपर आणि एक जादा प्लग कायम. पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायचं. कमी पडलं तर इंजिन रागावतं, जास्त पडलं तर मागच्याला काही दिसत नाही. पेट्रोल संपलं की रिझर्व्हची कळ फिरवायची, आणि ती आधीच फिरवलेली निघाली की ढकलत न्यायची. टक्के कोणी दाखवत नव्हतं. टाकीचं झाकण उघडून, गाडी हलवून, आवाज ऐकायचा. २००९ मध्ये कंपनीने स्कूटरच बंद केल्या, आणि २०१९ मध्ये चेतक परत आली ती विजेवर चालणारी, ॲपसकट. म्हणजे आता घोडाही फोन बाळगतो.

पण मला सांगायचं होतं ते चुगलीचं. बाबांचं काम फिरतीचं. पुलगाव, आर्वी, हिंगणघाट. परत येताना चेतक फाट्यावर वळली की आईला स्वयंपाकघरात कळायचं आणि ती पोळ्यांना हात घालायची. बाबा पत्त्यांच्या अड्ड्यावरून उशिरा येत तेव्हा कोपऱ्यावरच इंजिन बंद करून गाडी ढकलत आणत. आई आतूनच म्हणे, "आज पेट्रोल संपलं वाटते." सिम नव्हतं, उपग्रह नव्हता, तरी माणूस कधी सुटला नाही.

एकदा पावसाळ्यात ते पुलगावहून वेळेवर आलेच नाहीत. आई फाटकाशी उभी. लांबून स्कूटर आली की ती मान जराशी वळवायची आणि म्हणायची, "ही नाही." परत एक. "ही जोशींची." राजदूत आली, ती दूधवाल्याची. कितीतरी गाड्या आल्या आणि तिने एकेक नाकारली. मी लहान होतो, तिच्या पदराशी उभा होतो, आणि मला तेव्हा ती फक्त गाड्या ओळखते आहे असं वाटलं होतं. बाबा मध्यरात्रीनंतर एका ट्रकमधून उतरले, मागे चेतक बांधलेली. आई म्हणाली, "भात गार झाला." आणि आत गेली.

विजेच्या गाडीला आवाजच नाही. बायको म्हणते, तुम्ही भुतासारखे दारात उगवता.

मध्यंतरी ॲपची फुकटची मुदत संपली. आता दर वर्षी पैसे भरा, नाहीतर ठिपका बंद. मी भरले नाहीत. गाडी माझी, पोर्च माझा, गाडी पोर्चमध्ये आहे हे कळायला मी भाडं काहून द्यायचं? त्या रात्री फोन आत चार्जिंगला लावला होता, आवाज बंद, आणि आम्ही टीव्हीसमोर. शेजाऱ्यांनी येऊन दार वाजवलं. पुण्याहून त्यांना फोन आला होता. लेक घाबरलेली. ठिपका दुपारपासून आर्वी नाक्यावर होता, हलत नव्हता. कनेक्शन तुटलं की नकाशा शेवटची जागा तशीच धरून ठेवतो; तिथे 'पैसे भरलेले नाहीत' असं लिहून येत नाही, नुसता ठिपका दिसत राहतो.

"तू रोज पाहते का गं?" मी विचारलं.

"रोज नाही," ती म्हणाली. "झोपायच्या आधी फक्त. घरी पोचलेला दिसला की मी फोन करत नाही."

इतके दिवस मी तिच्या कमी येणाऱ्या फोनांबद्दल तिच्या आईकडे कुरकुरत होतो.

दुसऱ्या दिवशी कस्टमर केअरला फोन लावला. रागाने बोलायचं ठरवून, मुद्दे कागदावर लिहून बसलो होतो. ठिपका विकता तर विका, पण खोटा ठिपका फुकट का दाखवता, हा पहिला मुद्दा. तो यायच्या आतच पलीकडून मुलीने विचारलं, "पिंपरी ना सर? आकुर्डीच्या जवळ?"

"पिपरी. मेघे. वर्धा."

"हो सर, पिंपरी. आमचा माणूस अर्ध्या तासात येईल."

पिंपरी इथून रात्रभराच्या रेल्वेवर आहे. ज्या कंपनीला माझी गाडी कोणत्या झाडाखाली उभी आहे ते समजतं, तिला माझं गाव समजत नाही. पण तिच्यावर तरी काय रागवायचं? बापू १९३६ मध्ये ज्या खेड्यात राहायला गेले त्याचं नाव शेगाव होतं, आणि त्यांचं टपाल बुलढाण्याच्या शेगावला जायचं. शेवटी १९४० मध्ये गावाचंच नाव बदलून सेवाग्राम केलं. जिथे बापूंचा पत्ता पोस्टाला सापडेना तिथे माझा सर्व्हरला कुठून सापडणार? त्यांच्या दफ्तरात व्हाइसरॉय लिनलिथगोंनी बसवलेला टेलिफोन अजून आहे. बाजूलाच साप पकडण्याचा पिंजराही ठेवलाय. कस्टमर केअर संगीत ऐकवत असताना मला त्या दोन्ही वस्तू एकत्र ठेवण्यातली समज फार पटली.

माझे बाकीचे मुद्दे कागदावरच राहिले. संध्याकाळी मेसेज आला : आपला पॅक सुरू झाला आहे, धन्यवाद. लेकीने पुण्याहून पैसे भरले होते, एकदम लांबच्या मुदतीचे. मला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, आणि तिने भरलेच नसते तर दुसऱ्या दिवशी मीच गुपचूप भरले असते, पण हे तिला कळवायची गरज नाही; ॲपमध्ये तशी सोयही नाही.

तर्रीला मी आता पायी जातो, फोन उशीखाली ठेवून. गेल्या रविवारी ठेल्यावरच्या पोराने प्लेट पुढे करता करता विचारलं, "काकाजी, गाडी कुठं गेली आज?"

"घरीच आहे," मी म्हणालो. "पुण्याहून पाहून राह्यले तिला. तू तर्री वाढ."