एक्स्ट्रा गादी

“एक्स्ट्रा गादीचे सातशे होतील.”

रेंज खराब होती. मला ऐकू आलं ‘गाडी’. मी म्हटलं, “गाडी एकच आहे आमची, आणि तीही छोटी.” पलीकडचा मुलगा समजूतदार होता. “गाडीचं काही नाही दादा, वाडीत कुठंही लावा. गादी. झोपायची.”

तर, झोपायची. अलिबागला, मे महिन्यात, शनिवारी रात्री चार माणसांनी झोपायचं, एवढीच आमची महत्त्वाकांक्षा. त्यात एक्स्ट्रा काय आहे हे मला अजून कळलेलं नाही. गेले तीन आठवडे मी दुसऱ्या कुठल्याच विषयावर बोलत नाही, असं घरचे म्हणतात.

परवडेल अशी खोली शोधण्याची हकिगत सांगत बसत नाही. तुम्हीही त्यातून गेलेले आहात. फोटोतली खोली वेगळी, मिळणारी वेगळी, आणि सगळ्या ‘समुद्रापासून दोन मिनिटं’. याच गावात १९०४ पासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे यंत्रांचे काटे बिथरतील, म्हणून ते काम मुद्दाम इकडे हलवलं. एवढ्या नाजूक मोजमापाची परंपरा असलेल्या गावात वरसोलीपासून नागावपर्यंत एकूण एक कॉटेज समुद्रापासून बरोब्बर दोन मिनिटांवर आहे. असो. दोन मिनिटांचं मी सोडून दिलं. गादीचं सोडणार नाही.

खोलीचा हिशेब असा. शनिवारचे साडेचार हजार, त्यात दोन मोठी माणसं आणि एक मूल. तिसरं मोठं माणूस आलं की एक गादी. आमच्यात तिसरं मोठं माणूस म्हणजे आई, वय चौऱ्याहत्तर. मूल म्हणजे पाच वर्षांच्या आतलं. आमचे चिरंजीव पाच वर्षं तीन महिन्यांचे. मी प्रामाणिक माणूस आहे (आणि तिथे सगळ्यांची आधार कार्डं मागतात), म्हणून खरं वय सांगितलं.

“मग त्याची अर्धी गादी लागेल,” मुलगा म्हणाला.

“अर्धी म्हणजे लहान साइजची?”

“नाही दादा, गादी नाही देणार. तो तुमच्यासोबत बेडवरच झोपेल ना. चार्ज अर्ध्या गादीचा.”

मी फोन कानाला तसाच धरून थोडा वेळ भिंतीकडे पाहत राहिलो. आईची गादी दिसते, हाताला लागते, तिला वास येतो, तिचे सातशे. चिरंजीवांची गादी दिसत नाही, अंथरता येत नाही, गुंडाळून ठेवता येत नाही, तिचे साडेतीनशे. संतांनी सगुण की निर्गुण यावर एवढा ऊहापोह केला, पण दोन्हींचे दर ठरवायला अलिबागच लागलं.

“सगुण गादीबरोबर उशी येते का?” असं मी विचारणार होतो, पण तो गोंधळला असता, म्हणून नुसतंच “उशी?” म्हटलं.

“उशीचे शंभर. पांघरूण फ्री.”

मे महिन्यात कोकणात पांघरूण फ्री. उद्या शेकोटीही फ्री देतील.

आईला आम्ही यातलं काही सांगणार नव्हतो, पण फोन स्पीकरवर होता. “मी एक्स्ट्रा कशी काय?” एवढंच तिने विचारलं. या प्रश्नाला जगातला कुठलाही मुलगा, आणि विशेषतः कुठलीही सून, उत्तर देऊ शकत नाही. मग तिनेच तोडगा काढला. माळ्यावर वडिलांचा होल्डॉल आहे, त्यात आपली गादी बांधून नेऊ. पूर्वी नाही का, पंढरपूरला जाताना वळकटी सोबतच असायची. मला हे पटलं. पुन्हा फोन लावला.

“बाहेरची गादी चालत नाही, दादा.”

बाहेरचं खाणं चालत नाही, हे माहीत होतं. बाहेरची माणसं खोलीत चालत नाहीत, हेही. गादी नवीन होती. मी जरा आवाज चढवला तेव्हा तो नरमला. “आणायची तर आणा तुमची. पण सातशे लागतीलच.”

“गादी आमची. मग सातशे कसले?”

“जागेचे.”

इथे माझा तोल गेला. जागेचे! साडेचार हजार मी कशाचे देत होतो? भिंतीचे? पालीचे? फरशी त्या साडेचार हजारात आली नव्हती का? चार भिंतींच्या मधली हवा भाड्याने घेतली होती आणि फरशी मालकाकडेच राहिली होती? पलंग आणि बाथरूम यांच्यामध्ये जी तीन बाय सहाची फरशी उरते, तिच्यावर पाय ठेवून बाथरूमला गेलं तर चालतं आणि पाठ टेकली तर सातशे, हा कायदा कुणी केला? मी विचारलं, “आमची आई रात्रभर खुर्चीत बसून राहिली तर?”

पलीकडे शांतता. नंतर समुद्राचा आवाज आल्यासारखं वाटलं; दोन मिनिटांवरच होता.

“बाबांना विचारून सांगतो,” तो म्हणाला.

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आमच्याकडे पिंजाऱ्याने कापसाची एकेरी गादी भरून दिली तिचे दोन हजार झाले, घरपोच. तेवढीच धरू. म्हणजे तिसऱ्या शनिवारी एक्स्ट्रा गादी स्वतःची सगळी किंमत फेडून वर शंभर रुपये राखून असते. मी घराचं कर्ज वीस वर्षांत फेडणार आहे. पाऊस, परीक्षा, श्रावण वगळून वर्षाला चाळीस शनिवार धरले तर गादीची कमाई अठ्ठावीस हजार. चार वर्षांत एक लाख बारा हजार, आणि चार वर्षांत तिला ऊन दाखवण्यापलीकडे मालकाने तिच्यासाठी काही केलेलं नसतं. वासावरून सांगायचं तर तेही नाही. मुदत ठेवीवर सात टक्के मिळाले तर आपण पेढे वाटतो. आणि ही तर नुसती सगुण गादी झाली. निर्गुण अर्धीला कापूस लागत नाही, खोळ लागत नाही, ती फाटत नाही, तिच्यावर कुणी सोलकढी सांडत नाही. भांडवल शून्य आणि उत्पन्न साडेतीनशे. दरवर्षी हजारो मुलांची पाच वर्षं पूर्ण होतात. त्या प्रत्येकाच्या वाढदिवसाला किनाऱ्यावर कुठेतरी एक अर्धी गादी जन्माला येते, याचा विचार करा. त्यानंतर आमच्या घरात सगळे हिशेब गादीतच होऊ लागले. सुरमई थाळी म्हणजे पाऊण गादीला थोडी कमी. बायकोने बाजारात अडीच गाद्यांची साडी पाहिली आणि महाग म्हणून सोडली. हजार रुपयांच्या आतल्या खोलीला पूर्वी जीएसटी नव्हता, ती माफी जुलै २०२२मध्ये गेली. तिच्याबद्दल हळहळायचं कारण नाही, कारण अलिबागला शनिवारी हजाराच्या आत जे मिळतं ती खोली नसते, गादी असते.

जुन्या लोकांना वाटेल, आता हा मावशीच्या ओटीवर जाणार. ओळीने पसरलेल्या गोधड्या, चौदा मावस-मामेभावंडं, वगैरे. नाही जात. त्या गोधड्यांना वास येत असे. आणि मावशी पैसे घेत नसली तरी दुपारभर सुपाऱ्या सोलून घ्यायची. पण चौदांत एक्स्ट्रा कोण, हे तिने कधी मोजलं नाही, एवढं मान्य करावं लागेल.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. खुर्चीचं बाबांनी काही सांगितलं नव्हतं, पण त्याने स्वतःच्या अधिकारात एक प्रस्ताव आणला होता. “मंगळवारी या ना दादा. निम्म्यात देतो. गादी फ्री.”

मंगळवारी! ज्याला मंगळवारी सुटी काढता येते त्याला निम्म्या दराची गरज नसते, आणि ज्याला निम्मा दर हवा असतो त्याला मंगळवारी साहेब सोडत नाही. ही साधी गोष्ट या देशातल्या एकाही दरपत्रकाला समजलेली नाही. आमची सुटी शनिवारी असते कारण आमची नोकरी उरलेल्या दिवशी असते. आम्ही काही हौसेने गर्दीत येत नाही. मग मी एक वेडेपणा केला. त्याच रस्त्यावर, कॉटेजच्या अलीकडे, उंच भिंतीआड एक व्हिला आहे. दारात पाटी, आत निळा हौद. (समुद्रापासून दोनशे पावलांवर गोड्या पाण्याचा हौद बांधून त्यात पोहणाऱ्या माणसांबद्दल मला एकदा स्वतंत्र लिहायचं आहे.) त्या व्हिलाला फोन लावला. रात्रीचे चाळीस हजार. मी विचारलं, “आणि एक्स्ट्रा गादी?” बाई हसल्या. “बारा जणांपर्यंत मॅट्रेस कॉम्प्लिमेंटरी असतात, सर.”

वाचलंत? चाळीस हजार देणाऱ्याला गादी फुकट. बारा-बारा गाद्या फुकट. साडेचार हजार देणाऱ्याच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला सातशे, आणि वर उशीचे शंभर. ज्याच्याकडे आहे त्याला फुकट आणि ज्याच्याकडे नाही त्याला मोजून, हा नियम आपण बँकेत पाहिला, विमानतळावर पाहिला, दवाखान्यात पाहिला. आता फरशीवर पाठ टेकण्यापर्यंत तो आलेला आहे. यावर हसू येत असेल तर तुमची आई अजून शनिवारी अलिबागला गेलेली नाही.

या किनाऱ्याला वसुली नवी नाही, हे मला कबूल आहे. अठराव्या शतकात इथून जाणाऱ्या गलबताला कुलाब्याच्या आरमाराचा दस्तक घ्यावा लागे. न घेता जाणारं गलबत धरून आणत. पण दस्तक गलबताला असे. खलाशांची डोकी मोजून, त्यातल्या पोरसवद्या खलाशाला अर्धा दस्तक लावल्याचं माझ्या वाचनात नाही. पुढे कुलाब्याच्या गादीला वारस उरला नाही म्हणून इंग्रजांनी १८४० साली संस्थान खालसा केलं. ती गादी गेली. ही जाणार नाही. हिला दर शनिवारी नवा वारस मिळतो.

गेलो आम्ही. सातशे अधिक साडेतीनशे अधिक शंभर, आगाऊ भरून. वडखळच्या कोंडीत चिरंजीवांनी “अलिबाग आलं का?” हे बावीस वेळा विचारलं.

मालक म्हणजे ‘बाबा’ साठीचे निघाले. संध्याकाळी आईशी गप्पा मारत पडवीत बसले. म्हणाले, ३ जून २०२०, बुधवार. निसर्ग वादळात अर्ध्याहून जास्त वाडी एका दुपारी आडवी झाली. “सुपारी लावली की धरायला सहा-सात वर्षं, मावशी. खोली बांधली की पहिल्या शनिवारी धरते.” पावसात गेटवेच्या लाँच बंद असतात, तेव्हा या खोल्यांना बुरशी येते. वर्षाचं जे काही ते शनिवारीच. पलीकडच्या व्हिलाची जागाही पूर्वी त्यांच्या चुलत्यांची वाडी होती. आता चुलत भाऊ तिथे गेटवर असतो.

माझा राग एवढं ऐकून घडी घालून ठेवावा लागला. तरी निघता निघता मी म्हटलंच, “ते अर्ध्या गादीचं तेवढं…” बाबांनी हात हलवला. “ते पोरगं बघतं. ऑनलाइन असतं ते.”

रात्रीचं सांगायचं राहिलं. आईचे गुडघे धरतात, तिला खाली बसता येत नाही, मग उठता येणं दूरच. हे आमच्यापैकी कुणाच्याही तीन आठवड्यांत लक्षात आलं नव्हतं. ती पलंगावर झोपली. तिच्याशेजारी सून, मध्ये चिरंजीव, आपल्या निर्गुण अर्ध्या गादीवर हातपाय पसरून. एवढ्या भांडणानंतर एक्स्ट्रा निघालो मी. निळ्या फुलांची गादी होती. कापूस दोन्ही कडांना जमून सह्याद्री झालेला, मध्ये थेट तळकोकण. कमरेखाली वाळू. पहाटे तीनला पाली मोजून झाल्या. सकाळी ओहोटीला सगळे कुलाबा किल्ल्यात चालत गेले, मी पाठ धरून किनाऱ्यावर उभा राहिलो.

सोमवारी ऑफिसात वाकून चालत शिरलो. फाइल उलटी धरली होती. शेजारचा म्हणाला, “काय रे, अलिबागहून आलास का?” आयुष्यात पहिल्यांदा मी या प्रश्नाला खरं उत्तर दिलं.

येत्या लाँग वीकेंडला तुम्ही जाणारच. तेव्हा निळ्या फुलांची घेऊ नका. कपाटाच्या मागे लाल पट्ट्यांची एक असते, ती मागा. जरा जाड आहे.