वहिवाटदार

लुसैलच्या फॉक्स हिल्स भागात, ऊन उतरल्यावर, पांढऱ्याशुभ्र लँड क्रूझर गाड्यांच्या लोंढ्यातून एखादी सायकल यत्किंचितही न डगमगता चाललेली दिसली, तर तिच्यावर आरूढ झालेले गृहस्थ पुण्याचे असून अभियंता चिरंजीवांकडे मुक्कामाला आले आहेत, हे ओळखण्यास त्यांचे पारपत्र तपासावे लागत नाही.

रस्त्याच्या कडेला जो जो सरकावे, तो तो मोटारवाला आपल्याला अधिकच सरकवतो, हा या गृहस्थांचा मूलभूत सिद्धान्त होय. म्हणून कडेपासून चांगले हातभर अंतर राखावे, रेघ सोडू नये, वळण्यापूर्वी मागे पाहावे, हात संकोच न करता पुरता लांब करावा आणि मागच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून त्याची संमती घ्यावी. ही विद्या त्यांनी लक्ष्मी रस्त्यावर, टांगे, हातगाड्या आणि पीएमटीच्या बसगाड्या यांच्या कचाट्यात, दिवा नसल्यास किंवा डबलसीट आढळल्यास शिट्टी फुंकणाऱ्या हवालदाराच्या साक्षीने संपादन केलेली आहे.

कतारात वाहने उजवीकडून चालतात, हे त्यांनी विनातक्रार मान्य केले, कारण कायदा म्हटला की त्यांची मान आदराने लवते. शिरस्त्राण, चकाकणारे जाकीट आणि मागेपुढे दिवे असा सरंजाम करूनच ते बाहेर पडतात. अडचण एकच: इथल्या मोटारींच्या काचा काळ्या असल्यामुळे डोळा भिडवायचा कुणाशी, हे उमगत नाही.

एकदा एका चौकातील वर्तुळाशी ते पाय टेकून उभे असता, वर्तुळातून येणारी एक अजस्र गाडी थांबली, काच खाली सरकली आणि आतल्या अरब गृहस्थाने ‘आपण आधी’ अशी अदबीने खूण केली. दुसरा कुणी कृतज्ञतेने निघून गेला असता. आमच्या गृहस्थांनी मात्र, वर्तुळात असलेल्याचा हक्क पहिला, अशी कैफियत हिंदीत मांडली आणि हात आडवा करून ते अढळ राहिले. उभयतांची ‘पहले आप’ चालू असता मागे भोंग्यांचा कल्लोळ उसळला. अखेर मोटारवाला हात जोडून पुढे गेला, तेव्हाच कायद्याची बूज राहिल्याच्या समाधानात यांनी पायडल मारले.

या प्रसंगाची वार्ता कानी येताच चिरंजीवांनी त्यांना अल खोर रस्त्यालगतच्या, 32.869 किलोमीटर लांबीच्या आणि 2020 साली अखंड सायकलमार्गांत जगात सर्वांत लांब म्हणून गिनेस पुस्तकात नोंदल्या गेलेल्या मार्गावर नेऊन सोडले. मार्ग सपाट, स्वच्छ, निर्वेध. मोटार नाही, म्हैस नाही, हवालदारही नाही. गृहस्थ तासाभरात परतले, ते उदास चेहऱ्यानेच. ज्या रस्त्यावर प्रतिपक्षच नाही, तिथे वहिवाट सिद्ध करायची ती कुणाविरुद्ध?

सध्या त्यांना निराळीच चिंता ग्रासून आहे. पुण्यात पूर्वी सायकलीवर कर असे आणि तो भरल्याचा बिल्ला सायकलीला लावलेला असे. त्या बिल्ल्याच्या जोरावर भर रस्त्यात कुणाशीही हुज्जत घालता येई. इथे सायकलीचा कर कोणत्या दप्तरात भरायचा, याची त्यांनी चिरंजीवांकडे सविस्तर चौकशी केली. तसा कर मुळी नाहीच, असे कळल्यावर इतर पाहुण्यांना आनंद झाला असता, हे मात्र बराच वेळ येरझारा घालत राहिले आणि शेवटी म्हणाले, “पैसे भरल्याशिवाय भांडायचं तरी कोणत्या तोंडानं?”