आलोच!

तात्यांनी "आलोच" म्हटलं की काकू भाताखालचा गॅस बंद करतात.

तात्या हा हुद्दा समजावा. थळपासून रेवदंड्यापर्यंत नारळी-सुपारीच्या प्रत्येक आळीत ही एक जागा मंजूर असते आणि ती कधी रिकामी राहत नाही. पात्रता साधी: नोकरीतून निवृत्त, मुलगा मुंबईला, गुडघे शाबूत आणि 'नाही' म्हणताना जीभ अडखळणारी. आमच्या नागावच्या तात्यांकडे याखेरीज एक चष्मा आहे. त्याच्या उजव्या दांडीचा स्क्रू दिवाळीत पडला. तेव्हापासून दांडी सुतळीने बांधलेली आहे आणि अलिबागला जाऊन स्क्रू बसवून आणणं एवढं एकच खासगी काम तात्यांना उरलं आहे.

सोमवारी ते याच कामाला निघाले. अलिबाग आठ-नऊ किलोमीटर, हात केला की मिनीडोर थांबते. पण तात्या रस्त्यापर्यंत पोचायला हवेत ना! "जाताच आहात तर..." या तीन शब्दांवर आमच्या आळीचा निम्मा कारभार चालतो. कोपऱ्यापर्यंत येता येता त्यांच्या पिशवीत मिक्सरचं भांडं, खिशात विजेचं बिल आणि रक्ताचा रिपोर्ट आणायची चिठ्ठी जमा झाली. बिल मोबाइलवर भरता येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मोबाइल परत येताना कोणाच्या पोरीचं कुठे जमतंय, हे सांगत नाही.

परतले संध्याकाळी साडेसातला. मिक्सर दुरुस्त, बिल भरलेलं, रिपोर्ट नॉर्मल. उशीर झाला तो कांद्यापायी. कोणी बाई मिनीडोरमध्ये पांढऱ्या कांद्याची माळ विसरून अक्षीला उतरल्या. या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे माळ हरवणं म्हणजे जवळजवळ दागिना हरवणं. तात्या मागोमाग उतरले, चार घरं विचारून माळ पोचवली आणि तिथे त्यांना पोहे खावे लागले.

"आणि स्क्रू?" काकूंनी विचारलं.

"दुकानदार जेवायला गेला होता गं."

मंगळवार आणि बुधवार कोणाच्या तरी वाडीतल्या पंपापायी गेले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पंप अजून बंद आहे.

गुरुवारी माघी गणेश जयंती आणि शेजाऱ्यांकडे मुंबईचे नऊ पाहुणे. पाहुणे कोणाचेही असोत, फिरवायचे तात्यांनी. अक्षीच्या शिलालेखापाशी गाडी थांबवून शके 934, म्हणजे इसवी सन 1012, हा हिशोब ते असा मांडतात, की जणू त्या वेळी चुना यांनीच कालवला होता. वेधशाळेच्या फाटकासमोर त्यांचं ठरलेलं वाक्य आहे: "मुंबईत विजेच्या ट्रामा येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 साली इकडे आणली. गडबडीला कंटाळून अलिबागला येणारी ती पहिली मुंबईकर!" हल्लीचे लोक रो-रो बोटीतून गाडीसकट येतात आणि गडबडही बरोबर आणतात, हे तात्या बोलत नाहीत. मी बोलतो.

त्या दिवशी कुलाबा किल्ल्यातल्या गणपतीला जायचं होतं. किल्ला पाण्यात, ओहोटीला चालत जाता येतं. तात्यांना तक्ता लागत नाही. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची वेळ हातात. चतुर्थी, म्हणजे तीनला भरती आणि नऊला ओहोटी. "आठला निघू," असं त्यांनी आदल्या रात्री दोनदा बजावलं. पाहुण्यांची आंघोळ, आंबोळ्या आणि विहिरीपाशी फोटो होईतो पावणेअकरा वाजले. समुद्राला हे कोणी कळवलं नव्हतं. जाताना घोडागाडी मिळाली, येताना होडी. तात्या होडीत नऊ जणांच्या चपला मांडीवर घेऊन बसले होते. सुतळी भिजून आखडली आणि चष्मा कपाळावर चढला.

चष्म्याचं दुकान किनाऱ्यापासून पाच मिनिटांवर. पण चपला कोणाकडे द्यायच्या?

शनिवारी पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने बंद करून मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. पोरं हे सगळं करतात, पण मडकं कधी उघडायचं ते तात्याच सांगणार. मडक्यावर पाणी शिंपडायचं आणि चर्र आवाजावरून ठरवायचं. चष्मा धुराने काळा, एक डोळा मिटलेला, कान मडक्याकडे. "अजून दोन मिनिटं," ते म्हणाले. एवढ्यात कोणाचं तरी वासरू सुटलं. "आलोच," म्हणून तात्या अंधारात गेले. आम्ही पोपटी खाल्ली. त्यांच्या वाटणीच्या शेंगा केळीच्या पानात बांधून काकूंकडे पोचवल्या.

परत सोमवार उजाडला. मला स्कूटरवरून अलिबागला जायचंच होतं. काकूंना म्हटलं, "चष्मा द्या, मी बसवून आणतो स्क्रू."

काकूंनी आधी ओटीवर कोणी नाही ना, ते पाहिलं. मग फडताळातून एक काडेपेटी काढून उघडली. आत कापसावर स्क्रू. "दिवाळीतच मिळाला रे. झाडताना, पाटाखाली."

"मग सांगितलं का नाहीत?"

"निवृत्त झाले तेव्हा पंधरा दिवस घरात होते. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायचे. फोडणीत मोहरी जास्त पडते म्हणून मला वहीत लिहून दाखवलं होतं त्यांनी."

बाहेरून हाक आली, "कोणाचं काही आणायचंय का? मी जरा अलिबागला जाऊन आलोच!"

काकूंनी काडेपेटी मिटून जागच्या जागी ठेवली आणि भाताखालचा गॅस बंद केला.