हिरवं घर, कोरडा नळ

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या माणसाला पर्यावरणाचं शिक्षण वेगळं द्यावं लागत नाही. नळच देतो. तो आठवड्यात कधी येणार, पहाटे येणार की मध्यरात्री, यावर आमच्या कॉलनीतली लग्नाची बोलणी, बारशी आणि गावाला जाणं ठरतं. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला, फरशीचं संडासात. याला कुणी जलसंवर्धन वगैरे म्हणत नाही. पुण्याच्या पाहुण्यांनी ‘शॉवर कुठाय?’ असं विचारलं, तर आम्ही त्यांना मग दाखवतो.

पैठणचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर. धरण भरलं, सत्तावीस दरवाज्यांपैकी काही उघडले, की आम्ही सहकुटुंब पाणी बघायला जातो. भाजलेली कणसं खातो, पाण्यासोबत फोटो काढतो आणि परतताना टँकरवाल्याला फोन लावतो.

अशा घरात कन्येनं कॉलेजातून येऊन जाहीर केलं, “बाबा, आपलं घर इको-फ्रेंडली करायचंय.”

आईनं गहू निवडता निवडता मान वर केली. “म्हणजे आता अजून काय बंद करायचं?”

बंद काही करायचं नव्हतं, विकत आणायचं होतं. बांबूचे ब्रश आले. स्टीलच्या स्ट्रॉ आल्या. वास्तविक आमच्याकडे चहा बशीत आणि ताक फुलपात्रात पितात, पण स्ट्रॉ आल्या. आणि कापडी पिशव्या! २०१८ च्या जूनमध्ये राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली, तेव्हापासून मुंज, वास्तुशांत आणि होतकरू नगरसेवकाचा वाढदिवस, सगळ्यांनी आम्हाला पिशव्याच दिल्या आहेत. त्या ठेवायला एक मोठी पिशवी आहे. औरंगपुऱ्यात भाजीला जाताना ती सगळी मंडळी दाराआड लटकलेली असतात आणि मी भाजीवाल्यापुढे दोन्ही हात पसरून उभा असतो. कापूस काही हवेतून येत नाही. एकदाच वापरलेल्या कापडी पिशवीपेक्षा आईनं धुऊन वाळत घातलेली दुधाची पिशवी निसर्गाला परवडत असेल.

मग सौरऊर्जेचा विषय निघाला. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर पीठ दळणारी पाणचक्की याच गावातली, त्यामुळे बिनविजेचं आम्हाला नवल नाही. शिवाय ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान. मराठवाड्यातलं ऊन तर कुणाकडे मागावंही लागत नाही. प्रश्न गच्चीचा होता. निम्म्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या. (ज्या गावात नळ रोज येतो तिथे एक टाकी पुरते. आमच्याकडे टाक्यांची संख्या सांगून स्थळं जमतात.) उरलेल्या निम्म्या गच्चीवर आईच्या कुरडया.

“उन्हावर मी लग्न झाल्यापासून कुरडया, सांडगे, पापड करतेय,” आई म्हणाली. “मला कुणी सबसिडी दिली नाही.”

तरी ती तयार झाली असती. पण माहिती द्यायला आलेला मुलगा बोलता बोलता म्हणाला, “पॅनलवर धूळ बसते काकू, मधूनमधून पाण्यानं धुवावे लागतात.” आईनं त्याला चहा दिला आणि जिन्यापर्यंत पोचवून आली.

आरओचा निकालही तिनंच लावला. एक लिटर पाणी शुद्ध करताना ते यंत्र दोन-तीन लिटर बाहेर टाकतं, हे कळल्यावर तिनं त्याच्या नळीखाली बादली लावली. ते पाणी फरशीला आणि भांड्यांच्या पहिल्या हाताला चालतं. क्षार जास्त असल्यानं कुंड्यांना मात्र रोज घालू नये. एसीचा विषय तर निघालाच नाही. कूलर दीड-दोनशे वॉटवर भागवतो, एसीला त्याच्या सात-आठपट वीज लागते. आमचा उन्हाळा कोरडा, म्हणून इथे कूलर चालतो. मुंबईत तोच लावला तर घामात भरच पडेल.

खरी गंमत कचऱ्याची. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगाव-मांडकीच्या गावकऱ्यांनी शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं आमची सालं आणि देठं त्यांच्या दारात पडत होती. त्यांचं चुकलं म्हणायला जीभ रेटत नाही. मग रस्तोरस्ती ढीग लागले, मिटमिट्याला दगडफेक झाली, पोलिसांच्या लाठ्या चालल्या. ओला आणि सुका हे कचऱ्याचे दोन प्रकार आहेत, हे शहराला पाठ झालं ते त्या महिन्यांत. घर हिरवं करायचं तर सुरुवात इथूनच करावी, असं माझं मत आहे. काय विकत आणलं यापेक्षा दाराबाहेर काय टाकलं, हे आधी बघावं.

म्हणून मागच्या अंगणात भोकं पाडलेला पत्र्याचा डबा आला. त्यात कलिंगडाची सालं, चहाचा चोथा, कोथिंबिरीचे देठ. आठवड्यात डब्याखालून काळं पाणी ओघळलं, चिलटं जमली, आणि शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, “काही मेलंय का हो तुमच्याकडे?” झाकण उघडलं तर आत पांढुरक्या, टपोऱ्या अळ्या वळवळत होत्या. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, एक तर हा डबा राहील, नाही तर मी.” कन्येनं वाचून सांगितलं की अळ्या निरुपद्रवी आहेत, उलट त्या कचरा भराभर खातात, वास येतो तो ओल्याला कोरड्याची साथ नसल्यानं. ओलं एक ओंजळ, तर वाळलेला पाला दोन-तीन ओंजळी. त्यानं हवा खेळते, जास्तीची ओल शोषली जाते. वर शिळ्या ताकाचा हबका.

कोरडा पाला आणायचा कुठून? तर काकूंकडूनच. त्या रोज सकाळी कडुनिंबाची पानं झाडून गोळा करतात आणि काडी लावतात. त्यांचा धूर आमच्या घरात, आमचा वास त्यांच्या घरात, असा शेजारधर्म चालू होता. आता त्या पानं पिशवीत भरून कुंपणावरून देतात. पिशव्या आमच्याच, कापडी. वास गेला, धूर गेला. खत काळं, भुसभुशीत झालं आणि त्याला पावसानंतरच्या मातीचा वास येतो. त्यातलं निम्मं काकूंच्या मोगऱ्याला जातं.

पानगळ संपली की मात्र पाल्याची चणचण भासते. तेव्हा आमच्याकडे याल तर मिठाई, बुके, भेटवस्तू काही आणू नका. पिशवी तर मुळीच नको. दारातली वाळलेली पानं जाळत असाल, तर तेवढी घेऊन या.