निम्मेकाका

त्यांचं खरं आडनाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलंय. एरवी गल्लीत, मंडईत, जुन्या बाजारात ते निम्मेकाका. समोरच्यानं कुठलाही आकडा उच्चारला की काका तो निम्मा करतात, आणि तोही अशा चेहऱ्यानं, की भीड पडली म्हणून आपण जरा जास्तच बोललो. छत्री, कलिंगड, सोफासेट, काकूंची कवळी, कशालाच अपवाद नाही. नातवाच्या मुंजीत त्यांनी ताटाचा दर निम्म्यावर मागितला. कार्यालयवाला म्हणाला, "देतो की. पाहुण्यांना फक्त घरून जेवून यायला सांगा."

एकतीस वर्षं ते एका सरकारी खात्यात भांडारपाल होते. तीन दरपत्रकं मागवायची, तिन्हींवर 'दर चढे वाटतात' असा लाल शाईत शेरा मारायचा, की महिनाभर खुर्ची स्वस्थ. निवृत्त झाल्यावर दरपत्रकं यायची थांबली आणि काकांचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी फिरायला सांगितलं. काका लोकांसाठी घरं बघत फिरायला लागले. एजंट टक्क्यात मागतो, काका काहीच मागत नाहीत. गाडीत पुढची सीट, वाटेत मिसळ आणि घरमालकाचा पडलेला चेहरा, एवढ्यावर त्यांचं भागतं.

आम्हाला घर बघायचं होतं कापूरहोळला. पुण्याहून सातारा रस्त्यानं ३५-४० किलोमीटर. महामार्ग सोडून एक रस्ता भोरला वळतो, दुसरा नारायणपूरवरून सासवडला जातो. फाट्याचं गाव, त्यामुळे येणारा-जाणारा चहाला थांबतो आणि चहा पिता पिता जमिनीचा भाव विचारतो. केतकावळ्याच्या बालाजीला गेलेला पुणेकर परतताना प्रसादाबरोबर गुंठ्याचा दरही घेऊन येतो. नुसतं विचारणाऱ्याला सांगायचा भाव कुठला आणि घेणाऱ्याला सांगायचा कुठला, हे गावाला आता पाठ आहे.

खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत काका गप्प होते. फास्टॅगशी बोलता येत नाही याचं त्यांना मनापासून दुःख आहे. नाका मागे पडला तसा त्यांनी वर्ग सुरू केला.

"हे बघ, घर कितीही आवडलं तरी तोंड एरंडेल प्यायल्यासारखं ठेवायचं. आणि सूनबाई, तुम्ही तर बोलूच नका. स्वयंपाकघरात शिरलात की एक सुस्कारा टाका."

"कसला?" बायकोनं विचारलं.

"निराशेचा."

घर गावठाणातलं. दोन गुंठे जागा, पुढं अंगण, अंगणात शेवगा, तीन खोल्या आणि वर गच्ची. मालक सत्तरीचे. धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं. सांगितलेली किंमत ४२ लाख.

काका घर बघत नाहीत, घराचा पंचनामा करतात. त्यांनी छत्रीच्या टोकानं भिंत वाजवली. "पोकळ वाजतंय."

"आवं सायेब, ते कपाट हाय," मालक म्हणाले.

मग काकांनी खिशातून नातवाची गोटी काढली आणि फरशीवर सोडली. गोटी घरंगळत थेट उंबऱ्याशी गेली. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू खुनाचं हत्यार सापडलंय. "उतार आहे."

"मग? फरशी धुतल्यावर पाणी भाईर जायाला नको?"

"शेवग्याची मुळं पायात शिरतात."

"मुळांचं म्हाईत न्हाई. शेंगा आमटीत शिरत्यात."

इतक्यात गच्चीवरून बायकोचा आवाज आला, "अय्या! पुरंदरच्या बाजूचे डोंगर काय सुंदर दिसतात इथून!" काकांनी डोळे मिटले. "पन्नास हजार," ते माझ्या कानाशी म्हणाले. "एका 'अय्या'चे पन्नास हजार. डोंगराचे वेगळे."

ओसरीवर बैठक बसली. मालकांनी आधी गावाची बाजू मांडली: दाराशी हायवे, पलीकडं शिरवळचे कारखाने, आणि पुरंदरला विमानतळ येतोय. काका याचीच वाट बघत होते.

"२०१६ पासून येतोय तो. आला, तर विमानांच्या आवाजानं झोप उडणार, म्हणून भाव कमी. नाही आला, तर तुमचं म्हणणं खोटं, म्हणून भाव कमी. एकवीस."

एकवीस हा आकडा ओसरीवर पडला आणि कोंबड्यासुद्धा टिपायच्या थांबल्या. मला तर धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. मालक मात्र रागावले नाहीत. आत वळून "चहा टाका गं" म्हणाले. मग काकांकडे बघत सावकाश म्हणाले, "पाव्हणं, हे धाराऊचं गाव. शंभूराजांना दूध पाजाया पुरंदरावर गेली ती ह्याच गावची गाडे पाटलाची माउली. दुधात पाणी घालून भाव सांगायची रीत न्हाई आमच्यात."

"ते १६५७ साली," काका म्हणाले. "तेव्हा गुंठा काय भाव होता ते सांगा, त्या दरानं घेतो."

मला वाटलं, आता उठवतात. पण मालक खळखळून हसले. माझं आपलं एक मत आहे. गावाकडं जागेचा भाव जिभेनं फारसा पडत नाही. तो पडतो मालकाच्या घाईनं, घेणाऱ्याच्या तयार रकमेनं आणि कागदातल्या एखाद्या अडचणीनं. दोन बहिणींच्या सह्या बाकी असतील तर लाख-दोन लाखांचं बोलणं तिथं करायचं. काकांनी बहिणी आहेत का हे विचारलंच नाही. कागद त्यांना बेचव लागतो. त्यांना समोर बोलणारा माणूस लागतो, आणि तो त्या दिवशी त्यांना तोडीस तोड भेटला होता.

काका तेवीसवर आले, मग साडेचोवीसवर. मालक बेचाळीसवरून साडेएकेचाळीसवर आले, "चहाचं म्हणून." त्यानंतर दोघांचेही आकडे गोठले. वर काय देता, हेही काकांनी विचारून पाहिलं. पाण्याची टाकी, मोटर, अंगणातली बाज आणि दोन कोंबड्या, एवढं त्यांनी मागितलं. मालक म्हणाले, कोंबड्यांना विचारून सांगतो.

मग काकांनी हुकमी डाव टाकला. "चला," म्हणत ते उठले आणि गाडीकडे निघाले. दारापाशी त्यांची चाल मंदावली. फाटकापाशी आणखी मंदावली. आजवर एकाही घरमालकानं त्यांना फाटकाबाहेर जाऊ दिलं नव्हतं, असं ते सांगतात. मागं वळून पाहिलं तर मालक कोंबड्यांना दाणे टाकत होते.

"घाबरू नकोस," गाडीत काका म्हणाले. "चष्म्याचं घर मुद्दाम ओसरीवर ठेवलंय. फाट्यावर चहा पिऊ, अर्ध्या तासानं ते घ्यायला म्हणून परत जाऊ. तोवर तो उकडून निघतो. तीस-एकतीसला पडेल."

फाट्यावर चहा आला. पहिला घोट घेतला न घेतला तोच एक पोरगं मोटारसायकलवरून उतरलं आणि काकांसमोर चष्म्याचं घर ठेवून म्हणालं, "आज्यानं दिलंय. म्हनला, सायबाला वाचायला लागंल."

काकांचा तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. तीन दरपत्रकांत चौथं घुसल्यावर होत असेल तसा. बराच वेळ ते कपातल्या सायीकडे बघत राहिले. शेवटी बायको म्हणाली, "मी माझी पर्स विसरले वाटतं तिथं." पर्स तिच्या मांडीवर होती. काकांनी तिच्याकडे प्रथमच आदरानं पाहिलं.

आम्ही परत गेलो. मालकांनी पर्स दिसत असूनही शोधल्यासारखं केलं, ही त्यांची माणुसकी. मग खांद्यावरचं उपरणं काढून म्हणाले, "सायेब, तोंडानं लई झालं. आता हातानं बोलू."

तेव्हा उलगडा झाला. म्हातारबांचं सगळं आयुष्य बैलांच्या व्यापारात गेलेलं. बैलबाजारात किंमत मोठ्यानं बोलत नाहीत. घेणारा-देणारा हातात हात देतात, वरून कापड टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती दहा दलाल उभे असले तरी सौदा त्या दोघांतच राहतो. कुठली बोटं धरली आणि किती धरली, यावर हजार आणि शेकडा ठरतो. तोंड दोघांचंही कोरं.

म्हातारबांनी काकांचा हात धरला आणि उपरणं टाकलं. आम्ही श्वास रोखून बघत होतो. कापडाखाली हालचाल व्हायची, थांबायची, पुन्हा व्हायची. मालकांचा चेहरा दगडी. काकांचा आधी प्रश्नार्थक, मग लाल, मग अगदीच केविलवाणा. एकदा त्यांनी जोरात झटका दिला. मालकांनी मान डोलावली, "अस्सं!" काकांनी आणखी एक दिला. मालक म्हणाले, "मानलं राव!" आणि उपरणं काढून घेतलं. "ठरलं. चाळीस लाख. सायबांनी दोन लाख तोडलं माझं."

आतून साखर आली. मी तिथल्या तिथं विसार दिला. वाटेत कात्रजच्या बोगद्याशी धीर करून विचारलं, "काका, काय दाबलंत हो?"

"अरे, मला संधिवात," काका हात चोळत म्हणाले. "मी हात सोडवून घेत होतो."

पुढं चार महिने मालकांच्या दोन बहिणींच्या हक्कसोडपत्रात, नमुना ८ च्या उताऱ्यात आणि सर्च रिपोर्टात गेले. काका एकदाही आले नाहीत, कारण तिथं कमी करण्यासारखं काही नव्हतं. वकिलांकडं मात्र एक गोष्ट कळली. रेडीरेकनरनं त्या घराचं मूल्य निघालं ३६ लाख ४० हजार. म्हणजे काकांच्या एकवीसला घर मिळालं असतं, तरी मुद्रांक शुल्क ३६ लाख ४० हजारांवरच भरावं लागलं असतं. वर एवढा मोठा फरक, म्हणजे सगळे १५ लाख ४० हजार माझं उत्पन्न धरून आयकर खात्यानं त्यावर कर मागितला असता. सरकारी दराच्या फार खाली घर घेणं खिशाला परवडत नाही. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "रेडीरेकनर कुणाशी बोलून ठरवतात? मला न्या तिथं."

खरेदीखताला भोरला ते आले. खरेदी बायकोच्या एकटीच्या नावावर केली, बाईच्या नावानं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते म्हणून. चाळीस हजार वाचले. 'अय्या'चं नुकसान तिनं जवळपास भरून काढलं. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३० हजार. चाळीसचे तीस झालेले पाहून काकांचे डोळे पाणावले. "न मागता दहा हजार सोडले रे सरकारनं," ते म्हणाले. ३१ वर्षांच्या नोकरीत सरकारबद्दल एवढं चांगलं ते कधी बोलले नव्हते.

अंगठे-फोटो झाले. काका पानामागे लागणाऱ्या हाताळणी शुल्काबद्दल ऑपरेटरशी बोलायला गेले, तेवढ्यात म्हातारबांनी मला बाजूला घेतलं. "चाळीसच पायजे व्हते मला. वरचे दोन सायबासाठी ठेवले व्हते. एवढ्या लांबनं आलेला मानूस, मोकळ्या हातानं कसा लावून द्यायचा?"

हे मी काकांना सांगितलेलं नाही. बैलबाजारातल्या बोटांच्या भाषेवर ते हल्ली गल्लीत अधिकारानं बोलतात, आणि हात दाखवायला सांगितलं की संधिवाताचं निमित्त सांगतात. सध्या मोकळे आहेत. कापूरहोळ, नसरापूर, भोर, कुठंही घर बघायला जाणार असाल तर जरूर न्या. फक्त मालकाचा पूर्वी धंदा काय होता, ते आधी विचारून घ्या.