बिऱ्हाड टेकवायला जागा

गोगलगाय घर पाठीवर घेऊन हिंडते, याचं मला लहानपणी फार कौतुक होतं. डब्लिनच्या लेकीने सुटीसाठी सात मीटर लांब आणि जवळजवळ तीन मीटर उंच कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली आणि ते कौतुक ओसरलं. गोगलगायीला पार्किंग शोधावं लागत नाही.

वॉटरफर्ड हे आयर्लंडमधलं सर्वांत जुनं शहर. सन 914 मध्ये वायकिंग इथे आले आणि राहिले. नदीचं नाव लिहितात सुइर, म्हणतात 'शूर'. तेवढ्याने ह्यांना चेव आला. "डावीकडूनच तर चालवायचीय! मी लक्ष्मी रोडला गणपतीत गाडी काढलीय." पण पहिल्याच वाहनतळाच्या तोंडाशी दोन मीटरवर आडवी दांडी. दुसऱ्यालाही. आमची व्हॅन काही नव्या सुनेसारखी मान खाली घालून आत शिरणारी नव्हती.

मग प्रदक्षिणा सुरू झाल्या. 2015 पासून इथे 'वॉटरफर्ड वॉल्स' नावाचा उत्सव होतो. देशोदेशीचे चित्रकार येतात आणि इमारतींच्या आख्ख्या भिंती रंगवून जातात. रसिक मंडळी ही चित्रं पायी हिंडून बघतात. आम्ही ती बसल्या जागी पाहिली, प्रत्येक तीनदा. पहिल्या फेरीला मी "अगंबाई, केवढं सुंदर!" म्हटलं. दुसऱ्या फेरीला लेक म्हणाली, "आई, हे मघाशी झालं." तिसऱ्या फेरीला हे म्हणाले, "त्या पक्ष्याच्या भिंतीवरून डावीकडे वळलो की पुन्हा दांडी."

शेवटी गाडी गावाबाहेर लावून चालत परत आलो. भूक लागली होती. इथल्या पावाला 'ब्ला' म्हणतात. मऊ, पांढरा, वर पीठ भुरभुरलेला. फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगनॉट लोकांनी तो आणला असं सांगतात आणि 2013 पासून त्याला युरोपचं भौगोलिक मानांकन आहे. हे दुकानात "ब्ला, ब्ला" म्हणाले. बाईंनी निमूटपणे दोन दिले. व्हॅनच्या शेगडीवर सकाळी तळलेले बटाटेवडे डब्यात होतेच. आपला पाव पोर्तुगीजांचा, यांचा फ्रेंचांचा. वड्याला त्याचं काही नाही.

मग ख्राइस्ट चर्च कॅथीड्रल. तिथे जेम्स राइस यांची कबर आहे. पंधराव्या शतकात हे गृहस्थ अकरा वेळा शहराचे महापौर झाले. आपल्याकडे एकदा नगरसेवक झालेल्याचा हसरा फ्लेक्स चौकाचौकात लागतो. यांच्या कबरीवर कोरलंय ते सडत चाललेलं प्रेत, अंगावर किडे आणि बेडूक. ह्यांनी मोबाईल काढला, मग विचार करून खिशात ठेवला.

पुढे द मॉल नावाच्या रस्त्यावर टॉमस फ्रान्सिस मार यांचा अश्वारूढ पुतळा. आयर्लंडचा तिरंगा त्यांनी 1848 मध्ये पहिल्यांदा फडकवला तो याच रस्त्यावरच्या घरावरून. हिरवा, पांढरा, नारिंगी: आपलेच रंग, फक्त उभे. घोड्याला मात्र भर रस्त्यात कायमची जागा. हे त्याच्याकडे बराच वेळ बघत होते.

कोपऱ्यावर तर कहर होता. जॉन हेज यांनी एकाच झाडाच्या खोडातून कोरलेली 23 मीटर लांबीची वायकिंग तलवार तिथे आडवी पसरलीय. मी मनात मोजलं: आमच्या तीन व्हॅन नाकाला शेपूट लावून, वर दोन मीटर सुटे. शेजारी वायकिंगांच्या लांबोळक्या जहाजाची प्रतिकृती, तीही निवांत लावलेली. आणि मागे रेजिनाल्ड्स टॉवर. 1650 च्या क्रॉमवेलच्या सैन्याच्या वेढ्यातला म्हणतात तो तोफेचा गोळा भिंतीत वर अजून रुतून बसलाय.

ह्यांनी चष्मा पुसला, मान वर करून त्या गोळ्याकडे पाहिलं.

"पावणेचारशे वर्षं," हे म्हणाले, "आणि एक पावती नाही."