सामान पुढे गेलंय

मराठी माणूस पोटची मुलगी सातासमुद्रापार देतो. जावयाचा फोटो, पगार आणि ग्रीन कार्डाची आशा एवढं पाहिलं की त्याला शांत झोप लागते. पण स्वतःची बॅग परक्याच्या हातात चार-सहा तास द्यायची म्हटलं की तोच माणूस कासावीस होतो. रेल्वेत बर्थखाली बॅग साखळीने बांधून, कुलूप दोनदा ओढून पाहून, वर पुन्हा तिच्यावर पाय ठेवून झोपणारी आपली जात. क्रूझच्या जहाजावर मात्र ही ताटातूट सक्तीची असते, आणि तीही दोनदा. चढताना दिवसभर आणि उतरताना रात्रभर. माहितीपत्रकात सूर्यास्त असतो, डॉल्फिन असतात, ही बाब कुठेच नसते.

आमच्या मुलीने आणि जावयांनी दोन्हीकडच्या आईवडिलांना एकदमच जहाजावर न्यायचं ठरवलं, म्हणजे व्याही आणि व्याही एकत्र, आणि तेही समुद्रात, जिथून मानापमान झाला तरी कुणाला उठून जाता येत नाही. आमचे व्याही अप्पासाहेब सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे अडते. उभा जन्म हमाली, तोलाई आणि वाराई यांचा हिशेब करण्यात गेलेला. त्यांच्यासमोर कुणी ओझं उचललं की त्यांची नजर आधी ओझ्याकडे जाते, मग उचलणाऱ्याच्या पाठीकडे.

जहाज सुटणार होतं फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलच्या बंदरातून. बंदराचं नाव पोर्ट एव्हरग्लेड्स. विमानतळ इतका खेटून की डोक्यावरून विमानं उतरत असतात. एका बाजूला दक्षिण फ्लोरिडाची तहान भागवणाऱ्या पेट्रोलच्या टाक्या आणि दुसऱ्या बाजूला इमारतींएवढी पांढरी जहाजं. 2009 साली 'ओअ‍ॅसिस ऑफ द सीज' हे तेव्हाचं जगातलं सर्वांत मोठं प्रवासी जहाज इथे आलं, तेव्हा त्याच्यासाठी अठरा नंबरचं टर्मिनल वाढवून घ्यावं लागलं होतं. एका खोलीत दोघे धरले तरी त्यात 5,400 माणसं मावतात. असं जहाज पहाटे धक्क्याला लागतं आणि त्याच दिवशी संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास नवी माणसं घेऊन निघतं.

जावई ही माहिती देत होते तेव्हा अप्पासाहेबांनी डोळे मिटले होते. आम्हाला वाटलं डुलकी लागली.

"माणशी दोन डाग धरले," ते डोळे न उघडता म्हणाले, "तर दहा हजार उतरायचे, दहा हजार चढवायचे. दहा तासांत. मिनिटाला तेहतीस डाग. मुकादम कोण आहे यांचा?"

आमचं जहाज त्याहून लहान होतं, पण डाग आमचेही सहा होते. त्यांच्या कपाळी लावायची लेबलं कंपनीने ई-मेलने पाठवली होती. रंगीत छापायची, चार घड्या घालायच्या, हँडलभोवती गुंडाळून स्टेपल मारायचं. त्यावर जहाजाचं नाव, तारीख, डेक आणि खोलीचा नंबर. एवढ्यावर आमच्या हिचा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. तिने प्रत्येक बॅगेला परकराची जांभळी नाडी बांधली आणि झाकणाच्या आत कागद चिकटवला. वर 'श्री', खाली डोंबिवलीचा पत्ता, त्याखाली मुलीचा अमेरिकेतला पत्ता आणि 'सापडल्यास कळवावे'. विहीणबाईंनी नव्या बॅगेला हळदकुंकू लावलं होतं. सांगलीचीच हळद, त्यामुळे नाव पुसलं गेलं तरी गाव कळलं असतं.

बॅलार्ड पिअरवरून पी. अँड ओ.च्या बोटी विलायतेला जायच्या, त्या काळी ट्रंकांवर दोन प्रकारची लेबलं लावत. एक 'वॉन्टेड ऑन व्हॉयेज' आणि दुसरं 'नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज'. पहिलं सामान प्रवासात हाताशी राहायचं, दुसरं थेट जहाजाच्या पोटात जायचं. ही पद्धत मागे पडली ते एका परीने बरंच झालं. व्याह्यांबरोबर प्रवास करताना अशी लेबलं खिशात असणं धोक्याचं.

टर्मिनलसमोर गाडी थांबते न थांबते तोच डिकी उघडली गेली. समोर सहा फुटांच्या वर उंचीचा, चमकत्या पिवळ्या जाकिटातला पोर्टर. कमरेला स्टेपलर. मागे चाकांचा लोखंडी पिंजरा, माणसाच्या डोक्याएवढा उंच. त्याने दोन्ही हातांत एकेक बॅग घेतली, लेबलावर नजर टाकली, एक सैल होतं त्याला आणखी एक स्टेपल ठोकलं आणि बॅगा पिंजऱ्यात रचायला लागला. जड खाली, हलक्या वर, हँडलं बाहेर.

"थप्पी चांगली लावतो," अप्पासाहेब म्हणाले. "आणि गुडघ्यातून उचलतोय बघा, कमरेतून नाही. शिकलेला गडी आहे."

जावयांनी हळूच सांगितलं की बॅगेमागे एक-दोन डॉलर टीप देतात. सक्ती नाही, पण रिवाज आहे.

"का? पगार नाही त्याला?"

"आहे ना अप्पा. चांगला आहे. युनियन आहे त्यांची."

'युनियन' म्हटल्यावर अप्पासाहेब ताठ झाले. 1969 च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रातल्या हमालांना बोर्ड दिलं, मजुरीवरची लेव्ही दिली, तिच्यातून भविष्य निर्वाह निधी आणि रजा दिल्या. अण्णासाहेब पाटलांचं नाव घेतलं की यार्डातला हमाल छाती काढतो आणि अडता पेन काढतो. लेव्ही आणि अप्पासाहेब यांचं जन्मभराचं वैर. त्या वैरातून चार दिवस सुटका म्हणून ते अमेरिकेला आले होते, आणि इथे धक्क्यावर पहिलाच माणूस भेटला तो युनियनचा! इंटरनॅशनल लाँगशोअरमन्स असोसिएशन, स्थापना 1892. जावयांनी उत्साहाच्या भरात पुढचंही सांगितलं. ऑक्टोबर 2024 मध्ये या युनियनने पूर्व किनाऱ्यावरची आणि आखातातली मालाची बंदरं बंद पाडली. प्रवासी जहाजांना तेवढा हात लावला नाही. तीन दिवसांत संप मिटला, सहा वर्षांत मिळून बासष्ट टक्के पगारवाढीच्या बोलीवर.

"किती?"

"बासष्ट."

"तीन दिवसांत?" अप्पासाहेबांनी उगीचच मागे वळून पाहिलं. "हे सांगलीत कुणाला बोलू नकोस."

मग आला टीपेचा प्रसंग. सहा बॅगा, बारा डॉलर. रुपयांत हजाराच्या वर जातात, पण व्याह्यांसमोर रुपयांत विचार करायचा नसतो. मी पाकीट काढलं. अप्पासाहेबांनी माझं मनगट धरलं.

"छे छे साहेब, तुम्ही कसे? मुलाकडचे आम्ही."

"अहो, पण मुलीची हौस. मला देऊ द्या."

"अजिबात नाही. आमच्या बॅगा जड आहेत."

"आमच्या दोन जास्त आहेत."

दोन्ही बाजू नोटांसह एकमेकांना ढकलत होत्या. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजले. पोर्टर आधी घाबरला असावा, म्हाताऱ्यांची मारामारी समजून. मग त्याला प्रकार कळला. त्याने शांतपणे उजव्या हाताने माझ्या नोटा घेतल्या, डाव्या हाताने अप्पासाहेबांच्या घेतल्या, दोघांना सारखंच "थँक यू, सर" म्हटलं आणि पिंजरा ढकलत दाराआड गेला. त्या दिवशी बंदरावर बॅगेमागे चार डॉलरचा दर फुटला असणार.

आणि बॅगा गेल्या.

सामानाशिवाय उभं राहायची आपल्याला सवय नसते. आम्ही सगळेच जरा वेळ हात कुठे ठेवावेत या विवंचनेत होतो. विहीणबाईंनी दर दहा मिनिटांनी "आपल्या बॅगा?" विचारायचं आणि जावयांनी "सामान पुढे गेलंय" म्हणायचं. पासपोर्ट दाखवला, सामान पुढे गेलंय. फोटो काढला, सामान पुढे गेलंय. दुपारी एकला जहाजावर पोचून जेवायला बसलो, समोर जगातले तमाम पदार्थ, आणि विहीणबाई दही ढवळत म्हणतायत, "त्याने नीट वाचलं असेल ना हो नाव?"

निघण्याआधी सुरक्षेचा धडा असतो. 2012 साली इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉनकॉर्डिया' कलंडली, तेव्हा बऱ्याच नव्या प्रवाशांचा हा धडा व्हायचाच होता. आता जहाज सुटायच्या आधीच तो उरकतात. जॅकेट कसं बांधायचं, कुठे जमायचं, सगळं सांगून झाल्यावर अधिकारी म्हणाला की संकटाच्या वेळी सामान घ्यायला खोलीकडे जाऊ नका, सगळं आहे तिथेच सोडा. अप्पासाहेबांनी जावयांना कोपराने ढोसलं. "त्याला म्हणावं, सोडतो. पण आधी येऊ तर दे."

संध्याकाळी सामान आलं. म्हणजे येत राहिलं. लांबच लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना दारं आणि प्रत्येक दारापाशी बॅगा. दर पाच मिनिटांनी कुठलं तरी दार फटीएवढं उघडायचं, एक मुंडकं बाहेर यायचं, आपल्या उंबऱ्याकडे बघायचं, शेजाऱ्याची आलेली पाहून कष्टी व्हायचं आणि आत जायचं. जांभळ्या नाड्या एकेक करून उगवल्या. पाच. सहावी नाही. सहावी अप्पासाहेबांची.

तिच्याऐवजी खोलीत चिठ्ठी आली. आपलं सामान खालच्या डेकवर सुरक्षा कचेरीत आहे, कृपया येऊन भेटावे.

त्या खोलीबाहेरची रांग हा माझ्या मते अख्ख्या क्रूझमधला सर्वांत प्रेक्षणीय भाग. जहाजाला भीती आगीची, म्हणून इस्त्री, किटली, मेणबत्ती, वायरीचं एक्स्टेन्शन या सगळ्यांना बंदी. आणि जहाजाच्या बारचा धंदा बुडायला नको म्हणून बाहेरच्या दारूला बंदी. त्यामुळे रांगेत इस्त्रीवाल्या सोज्वळ बायका आणि बाटलीवाले पुरुष असा मिश्र समाज होता. एका गृहस्थाच्या माउथवॉशच्या बाटलीचं बूच उघडून अधिकाऱ्याने नुसता वास घेतला आणि त्याच्याकडे दुःखी नजरेने पाहिलं. पाण्यासारख्या दारूत खायचा हिरवा रंग घालून ती माउथवॉश म्हणून न्यायची, ही युक्ती आता जहाजावरच्या खलाशांच्या पोरांनाही ठाऊक असेल. गृहस्थ म्हणाला, मला हिरड्यांचा त्रास आहे. एक लिटरभर.

आमची बॅग उघडली. वरच विहीणबाईंची चहाची किटली. ती निमूटपणे बाजूला ठेवली गेली. पण एक्स-रेच्या यंत्राला खरी धास्ती वाटली होती ती तिच्याखाली, लेंग्याच्या घडीत. अप्पासाहेबांचा पितळी अडकित्ता. दोन मुठी, मोरांची नक्षी, मध्ये पातं. मोठ्या साहेबाने तो हातात घेऊन उघडला, मिटला, उलटा धरला. त्याच्यासमोर बंदी असलेल्या वस्तूंची यादी होती. चाकू होता, कात्री होती, हातकड्याही होत्या. हे मात्र कशातच बसेना. त्याने पातं पट्टीने मोजलं. चार इंचांच्या आत भरलं, म्हणजे नियमाने सोडायला हरकत नव्हती, पण ज्या वस्तूचं नावच येत नाही ती सोडायची कशी? त्याने विचारलं, याने काय करतात?

अप्पासाहेबांनी खिशातून सुपारी काढून दाखवली. त्याने प्रकरण आणखी गंभीर झालं.

तेवढ्यात मागचा पहारेकरी पुढे आला. या जहाजांवर पहाऱ्याला नेपाळी माणसं पुष्कळ असतात. त्याने अडकित्ता पाहिला आणि त्याचा चेहराच उजळला. "सुपारी काटने का है, सर," त्याने साहेबाला हिंदीतच सांगितलं आणि मग भानावर येऊन इंग्रजीत. "मेरे पिताजी के पास भी था," हे परत अप्पासाहेबांना. साहेब विचारात पडला. शेवटी निकाल झाला तो असा: वस्तू निरुपद्रवी आहे, परंतु यादीत नाही, सबब प्रवास संपेपर्यंत जमा. पावती मिळाली. अप्पासाहेबांनी पावतीवरची तारीख, सही आणि खोलीचा नंबर तपासून घेतला. पावती पाहिल्यावर त्यांचा अर्धा राग ओसरतो, व्यापाऱ्याचा स्वभाव.

मग बहामा, मेक्सिको वगैरे झालं. समुद्र निळा होता. सुपारी खिशात आणि अडकित्ता अटकेत, अशा अवस्थेत अप्पासाहेब जेवण झालं की अख्खी सुपारी तळहातावर घेऊन तिच्याकडे पाहायचे आणि परत ठेवून द्यायचे.

शेवटच्या रात्री पुन्हा ताटातूट. नव्या रंगाच्या, नव्या नंबरांच्या चिठ्ठ्या लावून अकराच्या आत बॅगा दाराबाहेर ठेवायच्या. ज्यांना आपलं ओझं आपण वाहायचं आहे त्यांनी सकाळी उचलून पायी निघावं, अशी मुभा असते, आणि विहीणबाईंचा त्यालाच कौल होता. पण सकाळी लिफ्टपाशी काय होतं हे आमच्या खोल्या आवरणाऱ्या मुलाने सांगितलं. तो गोव्याचा, मडगावकडला. घरात दोन पिढ्या तारवटी. कोकणीत बोलायला लागला की विहीणबाईंचं निम्मं दडपण जायचं. त्याच्याकडूनच कळलं की प्रवाशांना न दिसणारा एक रुंद रस्ता जहाजाच्या पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि नोकरमाणसं त्याला 'आय-नाइन्टीफाय' म्हणतात, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून थेट मायामीपर्यंत येणाऱ्या हमरस्त्यावरून. रात्री सगळ्या बॅगा त्याच वाटेने जातात. म्हणजे आपण वर गाढ झोपलेलो असताना खाली हायवेवर ट्रॅफिक.

"आणि चोरी?" विहीणबाईंनी विचारलं.

"मावशी, मध्यसमुद्रात चोर पळतलो खंय?"

या मुद्द्यावर त्यांनी बॅग सोडली. तरी साडेबारापर्यंत दार फटीएवढं उघडं होतंच.

सकाळी टर्मिनलच्या हॉलमध्ये रंगांप्रमाणे ओळी लावलेल्या. काळ्या बॅगांचा महासागर, आणि माणसं वाकून वाकून चिठ्ठ्या वाचतायत. आमच्या हिने दारातूनच बोट दाखवलं. सहा जांभळ्या नाड्या. आजूबाजूचे गोरे लोक त्या नाडीकडे ज्या आदराने बघत होते तो पाहून मला वाटलं, इथे परकराच्या नाडीचं दुकान टाकलं तर चालेल. अडकित्ता आणि किटली पावतीवर परत मिळाली. नेपाळी पहारेकऱ्याने टीप घेतली नाही, सुपारीची खांडं मात्र घेतली.

बाहेर न्यायला पुन्हा पोर्टर. या वेळी आम्ही दोघेही तयारीत होतो, नोटा मुठीतच. पण कस्टमच्या रांगेत चुकामूक झाली आणि आम्ही पोचेपर्यंत सामान गाडीत जाऊन पोर्टर निघूनही गेला होता.

सामान गाडीत मावलं नव्हतं. कारण डाग आता सात होते. शेवटच्या दिवशी जहाजावरच्या दुकानात सेल लागला होता आणि विहीणबाईंनी घेतलेलं सगळं ठेवायला एक नवी बॅग घ्यावी लागली होती. ती अप्पासाहेबांच्या मांडीवर आली. गाडी बंदराच्या फाटकाबाहेर पडली आणि अप्पासाहेब एकदम म्हणाले, "अरे, त्याने सात डाग वाहिले. पैसे किती डागांचे दिले?"

"सातांचे अप्पा. चौदा डॉलर. मी दिले."

गाडीत शांतता पसरली. मागच्या सीटवरून माझ्या बरगडीत आमच्या हिचं कोपर रुतलं. जावयाच्या पैशांनी हमाली! मी पाकिटाला हात घातला. अप्पासाहेबांनीही घातला, पण मांडीवर सातवी बॅग असल्यामुळे त्यांचा हात खिशापर्यंत पोचेना.